मोठी पेटी आणि गप्प बसलेलं गाव

काका, खोका आला. कणकवलीहून एसटीच्या पार्सलमधून आला. कंडक्टरने तो थांब्यावर असा काही आपटला की तू असतास तर दुखऱ्या गुडघ्यासकट त्या गाडीमागे धावत गेला असतास. आत आपल्या सीड्या आहेत. खोका मी पडवीत तुझ्या सुतारकामाच्या बाकावर ठेवलाय आणि समोर बसून हे लिहितेय. सकाळपासून तीनदा कात्री उचलली, तीनदा खाली ठेवली.  दहावीचा निकालही मी याहून लवकर उघडून बघितला होता.

उघडण्याआधी तुला एक सांगायचंय. तू होतास तेव्हाच सांगायला हवं होतं. तू वाजवलेला शेवटचा तुकडा मी काढून टाकला होता. तुला न विचारता, न कळवता. तू गेल्यावर मला पश्चात्ताप झाला आणि तो परत घालायला मी फोन केला. पण फोनवर मी निम्मं रडत आणि निम्मं ओरडत बोलत होते. समोरच्या माणसाला त्यातलं किती कळलं देव जाणे. आता तू या सीडीत आहेस की नाहीस, ते ती वाजवल्यावरच कळेल. म्हणून कात्री हातात धरवत नाही.

आधी तुझी काळजी मिटवते. पियानोला ओल धरू नये म्हणून तू आत लावलेला बल्ब चालू आहे. पाऊस अजून रेंगाळतोय, दारं फुगून बसलीत, पण पियानो कोरडा आहे. तुझ्या दिवसकार्याला लोकं आली तेव्हा कोणीतरी 'दिवसा कित्याक लाईट' म्हणत तो बंद केला होता. मी त्याच्यावर अशी खेकसले की तो चहा न घेता गेला. तुझ्यावर गेलेय म्हणतात सगळे.

तू मुंबई सोडून गावाला आलास तेव्हा मी बारा वर्षांची होते. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, सगळ्या गावाला रेल्वेचं कौतुक, आणि तू मात्र ट्रकमधून उतरलास, फळ्या, तारा आणि एका भल्यामोठ्या लोखंडी सांगाड्याबरोबर. पस्तीस वर्षं तू मुंबईत पियानोच्या कारखान्यात सुतार होतास. आम्हाला वाटायचं काका टेबलं-खुर्च्या करतो. तू तीन मोडक्या पियानोंचे अवयव आणले होतेस. एकाचा सांगाडा, दुसऱ्याच्या पट्ट्या, तिसऱ्याचं वाळवी लागलेलं खोकं. वाळवीने खाल्लेलं तू काढून टाकलंस आणि तिथे आपल्या परड्यातल्या फणसाच्या फळ्या बसवल्यास. तिघांचा मिळून एक पियानो व्हायला आठ महिने लागले. गावाने त्याचं नाव 'मोठी पेटी' ठेवलं, आणि भजनी मंडळाने विचारलं की ही एकादशीला देवळात आणता येईल का. तू म्हणालास, देऊळ इकडे आणा.

मग एका सकाळी तू तिच्यावर वाजवायला बसलास आणि मी हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या, कधीच मरून गेलेल्या माणसाने लिहिलेलं काहीतरी, आणि ते आमच्या पडवीत. तू शिकलास कसा, तर गिऱ्हाइकांच्या घरी. पियानो जुळवून झाला की 'तपासून बघतो' म्हणायचास आणि अर्धा तास वाजवत बसायचास. त्या घरातल्या शेठाण्यांना वाटायचं मिस्त्री फार बारकाईने काम करतो. शेवटपर्यंत तुझ्या तोंडी 'वाजवतो' हा शब्द आला नाही. तू नेहमी तपासतच असायचास.

मला तू शिकवलंस. चुकले की पट्टीवर पेन्सिल मारायचास ते अजून विसरले नाही. पुढे मी गोव्यात शाळेत पियानो शिकवायला लागले, शनिवारी बांद्याला गाडी बदलून घरी यायचे, आणि दर शनिवारी तू विचारायचास, या आठवड्यात काय केलंस. एका शनिवारी मी भीत भीत माझं स्वतःचं एक वाजवून दाखवलं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना माणसं पाय रोवतात ना, त्या ठेक्यावर बांधलेलं. तू उठलास, माडाखाली जाऊन आलास, आणि आल्यावर म्हणालास, अजून चार कर. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस तो.

चार व्हायला दोन वर्षं गेली. त्यात तुझ्या डोक्यात सीडी शिरली. तू वाजवायचास ते परदेशी म्हाताऱ्यांचे पाच जुने तुकडे आणि माझे पाच नवे. इथपर्यंत आपलं पटलं, पुढे एका अक्षरावर पटलं नाही. मला माझे तुकडे शेवटी हवे होते, सगळे एकत्र, कोपऱ्यात. हुशार मुलीशेजारी बसवलं की आपलं अक्षर जास्तच वाईट दिसतं, तशी भीती. तुला जोड्या हव्या होत्या. एक जुना, लगेच एक नवा. जुना ज्या सुरावर संपेल त्याच सुरावर नव्याने सुरू व्हायचं. त्यासाठी मला पाचांपैकी तीन तुकड्यांची सुरुवात मोडून परत लिहायला लावलीस. मी रडकुंडीला आले. म्हटलं, लोक दोन्ही शेजारी ऐकतील आणि मला हसतील. तेव्हा तू रंधा मारत होतास, मान वर न करता म्हणालास,

"भियातंस कित्याक? तो म्हातारो मरान अडीचशे वर्सा झाली. तो काय तुका मारूक येवचो नाय."

दुसरं भांडण मधल्या जागेचं. मी म्हणत होते दोन तुकड्यांमध्ये दोन सेकंद शांतता पुरे, सगळ्या सीड्यांत तेवढीच असते. तू म्हणालास नाही. जुनं तू वाजवणार, नवं मी वाजवणार, स्टूल एकच. तू उठायचं, मी बसायचं, त्याला जो वेळ लागेल तो लागेल, आणि तो तसाच ठेवायचा. मी म्हटलं, तुझ्या गुडघ्याला किती वेळ लागतो माहितेय ना? त्यावर तू मला तुझ्या धंद्यातलं सांगितलंस.

"नवा लाकूड जुन्याक घट्ट ठोकलंस तर पावसात फुगान दोनय फाटतली. मधी वाईच वाट ठेवूक व्हयी."

मला पटलं नाही. तुला वाटलं पटलं. आपली निम्मी भांडणं अशीच मिटायची.

आता रेकॉर्डिंग करायचं तर कधी? सकाळी बोटींची इंजिनं, मग शेजारचा पंप, मग एसटीचा भोंगा, मग देवळातला कर्णा, मग कोणाच्या तरी घरी नारळ वाटायचा मिक्सर. आणि तेव्हाच देवाने कौल दिला. हे तुला सांगायला नको, पण सीडी ऐकून कोणी विचारलंच तर असावं म्हणून लिहून ठेवते. आपल्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव तीन दिवस शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, कोणी म्हणून मागे राहत नाही. आपल्या गावची शीव म्हणजे तो वहाळ, छोटा ओढा, आणि आपलं घर त्याच्या अलीकडे, शिवेच्या बाहेर. म्हणजे आपल्याला कुठे जायला नको. बातमी ऐकली आणि तू उडीच मारलीस, काका. तीन दिवस पंप नाही, कर्णा नाही, मिक्सर नाही. देवानेच स्टुडिओ बांधून दिला म्हणालास.

शेजारच्या कट्टा गावाहून विनूला बोलावलं. लग्नाला आणि दशावताराला लाउडस्पीकर पुरवणारा विनू. अर्धा तालुका ज्याने बहिरा केला त्याला आपण शांतता टिपायला आणला होता. तो बिचारा चांगले माईक कुठून कुठून मागून घेऊन आला, पियानोला पांघरुणं लावली, खिडक्यांना गाद्या लावल्या. तू दाढी केलीस, इस्त्रीचा शर्ट घातलास. ढोल वाजला, गाव निघालं, आणि आपण तिघं पडवीत उभे राहून वाट बघत होतो की आता सगळं कसं गप्प होतंय.

आणि वहाळावरून पहिली म्हैस आपल्या बागेत शिरली.

तिच्यामागे दुसरी. मागे टोपल्यांत कोंबड्या, डोक्यावर टोप, चटया, बांबू, झावळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे वहाळापलीकडची पारूकाकी तिच्या चार गाई आणि एक वासरू घेऊन. तासाभरात आपल्या माडांखाली अख्खं गाव वसलं. पोरं आपल्या दगडी गडग्यावर नाचायला लागली. बायका आपल्या विहिरीवर. कोंबडे तर असे ओरडत होते जसं काही त्यांनाच सुट्टी लागलीय. तुझा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही.

"गाव रिकामो झालो," तू म्हणालास, "पण रिकामो होवन जातलो खंय, ह्या आपण इचारूकच नाय."

पारूकाकी पायरीवर टेकून घाम पुसत होती. ती म्हणाली, "तूच तर बोलयलंस आमका."

आणि खरंच होतं ते. दरवेळी गाव खाडीकाठच्या मळ्यात जायचं, पण या वेळी त्याला कोणीतरी चिऱ्याचं कुंपण घातलं होतं. तेव्हा देवळातल्या बैठकीत तूच उठून ऐटीत सांगितलं होतंस, आमच्या बागेत या, विहीर आहे, सावली आहे. सहा महिन्यांपूर्वी. पियानोच्या नादात साफ विसरलास. गावाला बोलावणारा तू आणि गाव जाणार म्हणून नाचणाराही तूच. विनू हसता हसता खाली बसला. मी रागाने आत जाऊन पांघरुणं काढायला लागले.

पण तू थांबलास कुठे. संध्याकाळी तू राहुट्या-राहुट्यांतून फिरलास. काय सांगितलंस मला नीट माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तू खिडकीला तांबडा पंचा बांधलास आणि सगळी बाग गप्प झाली. पंचा बांधला की गप्प, सोडला की बोला. कोंबडे टोपल्यांखाली झाकले होते. पोरांच्या तोंडात गुळाचे खडे दिले होते. पारूकाकीने तर कमाल केली.

"चार मिन्टा गप रवाचा मा? त्यात काय. घंटेत गवत कोंबलंय, झाला."

तिने तिच्याच नाही, सगळ्यांच्या गुरांच्या घंटांत गवत कोंबलं होतं. मी खिडकीतून बघितलं. सगळं गाव आपल्या घराकडे तोंड करून बसलं होतं. त्यांना त्या म्हाताऱ्यांचं काय, माझं तरी काय, पण माणसं मांडी घालून बसली होती आणि कोणी हालत नव्हतं. तू माझ्या कानात म्हणालास की रिकाम्या गावातली शांतता कोणाचीच नसती, ही बघ, ही ठेवलेली आहे. तेव्हा मला घाई होती, नुसती मान हलवली. काय मजा आली पण. दोन दुपारी आपण पाचही जोड्या वाजवल्या. प्रत्येक वेळी पंचा सोडला की बागेतून असा गलका उठायचा, आणि सगळ्यांचं खोकणं एकदम बाहेर यायचं. मी इतकं हसत कधी वाजवलेलं नाही.

शेवटची जोडी तिसऱ्या दिवशी दुपारची. तुझा तो संथ तुकडा. शेवटच्या ओळीत तुझी करंगळी घसरली आणि शेजारची पट्टी हलकीच वाजली. तू थांबला नाहीस. शेवटचा सूर विरेपर्यंत पाय पेडलवर ठेवलास, मग उठलास. स्टूल करकरलं, गुडघा वाजला, तू तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तेवढ्यात पारूकाकीच्या वासराची घंटा वाजली, एकदाच, त्याच्या घंटेत गवत घालायचं राहिलं होतं. बाहेर कोणीतरी खोकला गिळला. मी बसले आणि तुझ्याच सुरावर हात ठेवला. विनूने नंतर मोजलं, मधे अकरा सेकंद गेले होते.

आता माझा गुन्हा. त्या रेकॉर्डिंगचं मी दीड वर्ष काही केलं नाही, नोकरी, हे ते. या वैशाखात गोव्याच्या एका स्टुडिओत सगळं घेऊन गेले. तिथला माणूस भला होता. म्हणाला चार जोड्या उत्तम आहेत, पाचवीत घंटा आहे, खोकला आहे, खुर्ची आहे, लोकांना वाटेल सीडी खराब निघाली. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? मला घंटेची लाज वाटत नव्हती. मला तुझ्या करंगळीची लाज वाटत होती. पस्तीस वर्षं रंधा धरून आखडलेली तुझी करंगळी, जिने मला पहिला सूर दाखवला. त्या स्टुडिओतल्या चकचकीत पियानोवर तुझा तुकडा मीच वाजवला, एकही चूक न करता, नंतर माझा वाजवला, आणि मधे त्या माणसाने दोन सेकंद घातले. बांद्याला गाडीची वाट बघताना कानाला लावून ऐकलं. सगळं बरोबर होतं आणि मला काहीच वाटलं नाही. मी समजले, दमलेय म्हणून.

घरी आले तेव्हा तू पडवीत पॉलिश करत होतास. मी म्हटलं सगळं झालं. तू विचारलंस, शेवटची जोडी? मी म्हटलं, झाली. तू मान हलवलीस आणि परत फडकं फिरवायला लागलास. तीन महिने मी दर शनिवारी आले आणि दर शनिवारी ठरवलं की आज सांगायचं. श्रावणात तू दुपारचा लवंडलास तो उठलाच नाहीस. मला फोन आला तेव्हा मी वर्गात एका मुलीच्या पट्टीवर पेन्सिल मारत होते.

बाराव्याला जेवणं झाल्यावर पारूकाकी माझ्याजवळ येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच विचारलं,

"आमचा गप रवणा घातलंस मा गो त्यात?"

मी होय म्हटलं. तोंडावर खोटं बोलले, काका, तेही तुझ्या बाराव्याला. आणि ती इतकी खूश झाली. शेजारणीला म्हणाली की आम्हीसुद्धा आहोत त्यात, आम्हीसुद्धा वाजवलंय. मी उठून आत गेले आणि पेटीला डोकं टेकून रडले. तेव्हा कुठे मला कळलं की घरात तू नसतानाची शांतता कशी असते आणि त्या दुपारची कशी होती. तू दोन्हीतला फरक सांगत होतास आणि मी घाईत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने कट्ट्याला गेले. जीव मुठीत धरून विनूला विचारलं, ते मूळचं रेकॉर्डिंग आहे की पुसलंस? त्याचा कम्प्युटर म्हणजे तुला माहीत आहे, गणपतीच्या आरत्यांनी भरलेला, जागा नाही की जुनं पुसतो. तो म्हणाला, पुसतो कसा, काका दर आठवड्याला ऐकायला यायचा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. बाजाराच्या दिवशी तू कट्ट्याला जायचास, मासळी घ्यायचास, आणि विनूच्या दुकानात बसून कानाला लावायचास. पूर्ण तुकडासुद्धा नाही. फक्त मधले अकरा सेकंद, दोनदा-तीनदा. मग चहा पिऊन परत. तुला माहीत होतं का रे मी काय केलंय ते? विनूला विचारायचं धाडस झालं नाही. माहीत असून तू काही बोलला नसशील तर मला ते सोसणार नाही, आणि माहीत नसेल तर ते अजून वाईट.

विनूच्या दुकानातूनच मी सीड्या काढणाऱ्याला मुंबईला फोन लावला. म्हटलं पाचवी जोडी थांबवा, दुसरी पाठवतेय, चूक आहे ती चूकच राहू दे, घंटा आहे ती राहू दे, मधली जागा एका सेकंदानेही कापू नका. तो विचारत होता, बाई, नक्की कापू की नको? मी नको नको म्हणत होते आणि लाइन तुटत होती. विनूने तुकडा पाठवला. त्यानंतर आज हा खोका.

थांब. पारूकाकी आली. खोका बघितला तिने. आता सुटका नाही, उघडते.

*

संध्याकाळ झाली, आता पुढचं लिहितेय. 

मी खोका उघडला, सीडी लावली आणि काय सुचलं कोण जाणे, तुझा तांबडा पंचा शोधून खिडकीला बांधला. कोणाला काही सांगितलं नाही. वहाळापलीकडे कोणीतरी लाकडं फोडत होतं ते थांबलं. विहिरीवरच्या बायका थांबल्या. पडवीत दहा-बारा जणं जमली आणि खाली बसली. चार जोड्या ऐकताना मला एक सूर धड ऐकू आला नाही. मग पाचवी लागली. तुझा संथ तुकडा. मी डोळे मिटले आणि करंगळीची वाट बघायला लागले. अशी वाट मी कशाचीच बघितली नसेल.

घसरली, काका. करंगळी घसरली, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने हसले.

शेवटचा सूर विरत गेला. पडवीत कोणी हालत नव्हतं, सीडीतलं गावही हालत नव्हतं. स्टूल करकरलं. गुडघा वाजला. वासराची घंटा वाजली तेव्हा पारूकाकीने माझा हात घट्ट धरला.

"उठलो बग काका," ती म्हणाली.

होय, उठलास. खांद्यावर हात ठेवलास. मग मी बसले.